ऐनवेळचा विषय

"दादा, जरा बाजूला सरका," बाबू म्हणाला.

बाबू माझा थोरला मुलगा. टेपचं एक टोक त्याच्या हातात होतं, दुसरं धाकट्या रामकिसनकडं. मी मधल्या गाळ्याच्या दारात उभा होतो आणि टेप माझ्या पोटाला अडत होता.

उमरग्यात सोलापूर-हैदराबाद रोडला लागून आमचे पाच गाळे आहेत. पाचाचे दोन सारखे भाग करायचे म्हटलं की मधला गाळा कापावा लागतो. हिशेब सोपा आहे, त्यात मुलांचा काही दोष नव्हता. बाबू सोलापूरला सूतगिरणीत नोकरीला होता. त्याला तिथं घर घ्यायचं होतं, म्हणून त्याचा अर्धा भाग मोकळा करून हवा होता. रामकिसन चौथ्या गाळ्यात पंपाचे सुटे भाग विकायचा. त्याला वाटणी नको होती, पण भावाला नाही म्हणवत नव्हतं.

"भिंत कुठनं येणार?" मी विचारलं.

बाबूनं खडूनं उंबऱ्यावर खूण केली. "इथनं. सरळ मागं."

सरळ मागं म्हणजे चुलीवरून. मधला गाळा म्हणजे धुरपदाची खानावळ होती. धुरपदा माझी बायको. आदल्या वर्षी काविळीनं गेली. तेराव्याच्या दिवशी मी त्या गाळ्याला कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. तेव्हापासून दार उघडलं नव्हतं. आतली काठवट, तवा, पिठाचा डबा, सगळं तिनं ठेवलं होतं तिथंच होतं. ते तसंच राहावं, एवढीच माझी इच्छा होती.

"दार उघडा, आतनं पण मोजाय पायजे," बाबू म्हणाला.

"बाहेरनंच मोज," मी म्हणालो.

हे गाळे कसे झाले ते सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघं गावाकडून या रस्त्यावर खडी फोडायला आलो. रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची, पण धुरपदाच्या हातची तुटायची नाही. पिठात ती उकळतं पाणी घालायची आणि लई वेळ मळायची. एकदा एका ट्रकवाल्याची गाडी आमच्या खडीच्या ढिगापाशी बंद पडली. त्यानं तिच्याकडं भाकरी मागितली, दोन खाल्ल्या आणि जाताना पैसे ठेवून गेला. पुढच्या फेरीला तो आणखी दोघांना घेऊन आला. दुष्काळ संपला, खडी संपली, ट्रकवाले राहिले. त्या पैशांवर रोडकडेची जागा घेतली, आधी तिच्यासाठी एक खोली बांधली आणि मग जमेल तशी दोन्ही अंगांनी वाढवत गेलो. म्हणून तिचा गाळा मध्ये आला.

वाटणीचे कागद करायला बाबू मला आणि रामकिसनला सोलापूरला त्याच्या ओळखीच्या वकिलांकडं घेऊन गेला. वकीलसाहेब वयानं माझ्याएवढेच, पान खाणारे, बोलायला मोकळे. त्यांनी नकाशा बघितला, मधली रेघ बघितली.

"ह्या खोलीत काय आहे?"

बाबू म्हणाला, "काय न्हाय. बंद हाय."

मी म्हणालो, "चूल हाय."

वकीलसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग बाबूकडं. थोडा वेळ पान चघळत राहिले.

"आबाराव, तुम्हाला भाडं वाटून द्यायचंय का इमारत वाटून द्यायचीय?"

"भाडं वाटू की. भाड्याला कोण न्हाय म्हणतंय?"

"मग इमारत कापता कशाला? एक कंपनी काढा. इमारत कंपनीच्या नावावर करा. मुलांना शेअर द्या. भाडं कंपनीत येईल, खर्च वजा जाता ज्याच्या त्याच्या शेअरप्रमाणं वाटलं जाईल. वाटणी होईल ती शेअरची. भिंतीला कुणी हात लावणार नाही."

"म्हंजे सोसायटीच की," मी म्हणालो.

"सोसायटी नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी."

"आमच्या सोसायटीच्या पाटीवर पण शेवटी मर्यादित लिवलंय."

वकीलसाहेब हसले. "त्याचा अर्थ दोन्हीकडं एकच. संस्था अडचणीत आली तर तुमचा शेअर जाईल, घरदार आणि रान जाणार नाही. तुमच्या भाडेकरूंत धोक्याचा धंदा कुणाचा आहे का?"

मला वीरप्पा आठवला. वीरप्पा पहिल्या गाळ्यात टायर-पंक्चरचं काम करायचा. मागच्या उन्हाळ्यात हवा भरताना ट्रकच्या चाकाची लोखंडी रिंग सुटली, आमच्या पत्र्यावरून उडाली आणि रोडपलीकडं बाभळीत जाऊन अडकली. माणूस कुणी मेलं नाही हे नशीब. वीरप्पानं ती रिंग काढलीच नाही. गिऱ्हाइकाला पत्ता सांगायला बरी पडते म्हणायचा.

हे सांगितलं तर वकीलसाहेबांनी हात जोडले. "उद्या तसलं काही झालं आणि कोर्टानं इमारतीच्या मालकाला धरलं, तर मालक कंपनी असेल. तुमचं गावाकडचं रान त्यात ओढलं जाणार नाही."

बाबू सगळं नीट ऐकत होता. "पण मला घराला पैसा पायजे, त्याचं काय?" त्यानं विचारलं. वकीलसाहेब म्हणाले, शेअर विकता येतील, पण आधी घरातल्यांना विचारावं लागेल, बाहेरच्याला परस्पर देता येणार नाही. तसं कलमच घालू. रामकिसन लगेच म्हणाला, "दादा, बाबूचे थोडे शेअर म्या घेतो. हळूहळू देतो पैसे." दोघा भावांचं तिथंच मिटलं. मला वाटलं होतं त्याहून लवकर मिटलं.

मी वकीलसाहेबांना बाजूला घेऊन विचारलं, "किल्ली कुणाकडं राहील?"

"कसली किल्ली?"

मी करदोड्याची दाखवली.

ते म्हणाले, "शंभरातले साठ शेअर तुमच्याकडं ठेवा. मग तुमच्या मनाविरुद्ध काही होत नाही."

माझं काम झालं होतं.

पुढं एका गोष्टीवर आमचं वाजलं. वकीलसाहेब म्हणाले, असल्या कंपनीला दोन माणसं पुरतात.

"दोन?" मी म्हणालो. "दोन माणसांची कुठं संस्था असती का? लोक हसतील."

मी गावाकडच्या सोसायटीचा जुना सभासद. संस्था म्हणजे सभासद, नोटीस, चहा-चिवडा आणि शेवटी आभार, एवढं मला पक्कं माहीत होतं. आमच्या जिल्ह्यात तेव्हा दुधाची सोसायटी होती, पाण्याची होती, मेंढ्यांची होती. दोन माणसांचं कुठं काही बघितलं नव्हतं.

"आबाराव, कंपनीत जितकी माणसं कमी तितकं सुख."

"आन् जे तिथं राबत्यात त्यांचं काय? वीरप्पाला एक शेअर द्या. मच्छिंद्रला एक. मल्लम्माला एक."

"भाडेकरूंना शेअर? अहो, कशासाठी?"

"सभासद नकोत का?"

वकीलसाहेबांनी मला समजवायचा बराच प्रयत्न केला. शेवटी म्हणाले, "द्या. साठ तुमच्याकडं आहेत म्हणून म्हणतो, द्या."

मच्छिंद्र दुसऱ्या गाळ्यात रेडिओ आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. बेंबळीकडचा, दहावी झालेला, अक्षर चांगलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली तारांचा गुंता. मल्लम्मा गाळ्यात नव्हती. ती धुरपदाच्या हाताखाली भाकरी करायची. कर्नाटकाकडून लग्न होऊन इकडं आलेली, नवरा लवकर गेला. खानावळ बंद झाल्यावर ती घरीच भाकरी करून टोपल्यात घालून आणायची आणि रोडला उभ्या ट्रकवाल्यांना विकायची. टोपलं डोक्यावर, पातळ भाजीची बरणी हातात. आमच्या बंद दारासमोरून जायची. मला कधी काही म्हणाली नाही.

तिला शेअरचं सांगितलं तर म्हणाली, "फुकट नको अण्णा. फुकटचं अक्काला चालायचं न्हाय." धुरपदाला ती अक्का म्हणायची. दुसऱ्या दिवशी पदराच्या गाठीतून दहाची नोट काढून दिली.

नाव काय ठेवायचं, यावर फार बोलणं झालं नाही. रामकिसन म्हणाला आईचं ठेवू आणि तेच ठरलं. मुंबईला कागद गेले, कंपनी मंजूर होऊन आली. मच्छिंद्रनं पत्र्याची पाटी रंगवली: धुरपदा इस्टेट प्रायव्हेट लिमिटेड, उमरगा. तिचं नाव रेशन कार्डावर माझ्या खाली होतं, सातबाऱ्यावर नव्हतंच. इथं ते सगळ्यांत वर आलं. पाटी लावली त्या दिवशी मी रोडच्या पलीकडं जाऊन, वीरप्पाच्या रिंगेच्या बाभळीखाली बसून ती बघितली. लांबूनही वाचता येत होती.

गावात मात्र मला चेअरमन हेच नाव पडलं.

"रामराम चेअरमन! जीप कधी येणार?"

"चेअरमन, पोराला चिकटवा की कुठंतरी कंपनीत."

वीरप्पा तर रोज सकाळी हवेच्या मशीनवर हात ठेवून सलाम ठोकायचा. "अण्णा, तुमी चेअरमन. मग आमी डायरेक्टर न्हवं का?"

"तू शेअरहोल्डर. डायरेक्टर बाबू आन् रामकिसन."

"म्हंजे भाडं द्यायचं आमी आन् मिरवायचं त्यांनी."

"तुजं भाडं कुठं येतंय रं येळेवर?"

"आता माज्याच कंपनीचं भाडं म्या कशाला बुडवू?" असं म्हणून तो हसायचा. आणि खरंच, त्या महिन्यापासून भाडं वेळेवर द्यायला लागला.

मला बरं वाटत होतं. मुलांत वाद राहिला नव्हता. इमारत अख्खी होती. किल्ली माझ्याकडं होती. मी सकाळी बंद दाराबाहेर स्टूल टाकून बसायचो आणि येणारे-जाणारे ट्रक बघायचो. कधी एखादा जुना ड्रायव्हर गाडी थांबवून विचारायचा, "बाई न्हाईत का?" मी म्हणायचो, "बंद हाय." तो दाराकडं बघायचा, पाटी वाचायचा आणि पुढं जायचा. ते थोडा वेळ जड जायचं, मग विसरायचं. दुपारी सून डबा पाठवायची. सुनेच्या हातालाही चव आहे, तक्रार नाही.

त्या वर्षी पुन्हा पाऊस कमी पडला. तरी मार्गशीर्ष संपत आला तसे लोक येळवशीच्या तयारीला लागले. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी सगळं गाव रानात जातं, कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे आणि तिथंच जेवायचं. धुरपदा असताना आदल्या दिवसापासून खानावळीत ओल्या शेंगा-दाण्यांची भज्जी आणि ताकातली आंबील करायला घ्यायची. आमच्या रानापुरती नाही, गाळेवाले, ड्रायव्हर, जो कुणी त्या दिवशी रोडवर अडकला असेल त्याच्यासाठीसुद्धा. तिच्या माघारी पहिल्या वेळी वर्षश्राद्ध झालेलं नव्हतं म्हणून केलीच नाही. या वर्षी काय करायचं, कुणी विचारलं नाही आणि मी बोललो नाही.

वकीलसाहेबांचं पत्र आलं की वर्षाची सर्वसाधारण सभा घ्या, मी येतो. बाबूला रजा येळवशीची मिळत होती, म्हणून सभा आदल्या दिवशी दुपारी ठेवली. नोटीस मीच मच्छिंद्रला सांगून लिहून घेतली. मागील हिशेब वाचणे, भाडेवाटपास मंजुरी देणे, पाटीचा खर्च मंजूर करणे. आणि सोसायटीच्या प्रत्येक नोटिशीत शेवटी असतो तो विषय मी आपणहून सांगितला: मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.

वकीलसाहेब एसटीतून उतरले, नोटीस वाचली आणि म्हणाले, "हे शेवटचं कुणी घातलं?"

"ते असतंच की," मी म्हणालो.

"असतंच असं काही नाही हो. आधी कळवलेलेच विषय घ्यायचे. ह्यातून कुणीही काहीही आणेल."

"कोण काय आणतंय? घरचीच माणसं."

सभा मी राहतो त्या पाचव्या गाळ्यात झाली. चटई टाकली. वीरप्पानं हात रॉकेलनं धुतले होते, त्याचा वास येत होता. मल्लम्मा दाराशी बसली. चिवड्याच्या पुड्या वाटल्या. मच्छिंद्र वही घेऊन इतिवृत्त लिहायला बसला. विषय वाचला की वीरप्पा मोठ्यानं "मंजूर, मंजूर" म्हणायचा, सोसायटीत म्हणतात तसं.

"अहो, आधी हिशेब ऐका तरी," वकीलसाहेब म्हणाले.

"चेअरमनवर विश्वास हाय आमचा. मंजूर!"

पाटीचा खर्च मंजूर झाला. मच्छिंद्रनं शेवटचा विषय वाचला. मी आभाराला उठणार तेवढ्यात मल्लम्मा म्हणाली, "अण्णा, माजा हाय एक."

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं.

"बोल की."

तिनं पदर डोक्यावरून पुढं घेतला. "अक्काची खोली मला भाड्यानं द्या. म्या खानावळ चालवते. भाडं जे ह्या दोघांचं हाय ते म्या देते, कमी न्हाय."

माझा हात करदोड्याकडं गेला.

"ती खोली भाड्यानं द्यायची न्हाय," मी म्हणालो.

"का द्यायची न्हाय?"

"ती धुरपाची हाय."

"व्हय अण्णा. म्हणून तर मागते." ती माझ्याकडं न बघता चटईकडं बघून बोलत होती. "टोपल्यात भाकरी गार हुती. ड्रायव्हर म्हणत्यात, मल्लम्मा, चव अक्काचीच हाय पर गार हाय. अक्कानं कदी कुणाला गार भाकरी घातली का?"

"न्हाय," वीरप्पा म्हणाला. मी त्याच्याकडं बघितलं तशी त्यानं मान खाली घातली, पण पुन्हा म्हणाला, "न्हाय घातली, अण्णा. खरं ते खरं."

रामकिसन हळूच म्हणाला, "दादा, आत पिठाला किडे पडले असत्याल. भिंतीतनं वास येतोय माझ्या दुकानात. म्या बोललो न्हाय."

"तू पण?"

"वास येतोय, दादा."

मला राग आला. मी म्हणालो, "मग मत घ्या." सोसायटीत वाद लागला की असंच करायचं असतं. मला माहीत होतं की माझ्याकडं साठ आहेत.

मच्छिंद्र उभा राहिला. "मधला गाळा श्रीमती मल्लम्मा यांना खानावळीसाठी भाड्याने देण्यात यावा. ज्यांची मान्यता आहे त्यांनी हात वर करावेत."

वीरप्पाचा हात आधीच वर होता. मच्छिंद्रनं एका हातात वही धरून दुसरा वर केला. रामकिसननं माझ्याकडं बघत बघत केला. मल्लम्मानं हात मांडीवरच ठेवला.

"मल्लम्मा, तुजा?" वीरप्पानं विचारलं.

"माजाच विषय. म्या कसा हात वर करू?"

मग बाबू राहिला. तो टेपवाला, खडूनं खूण करणारा. तो बराच वेळ चिवड्याची पुडी चुरत बसला. मला वाटलं, हा तरी माझ्याकडं राहील. त्यानं पुडी खाली ठेवली आणि हात वर केला.

"दादा," तो म्हणाला, "त्या दिवशी तुमी दार उघडलं न्हाय. मला आतलं बघायचं हुतं. मोजायला न्हाय, बघायलाच. ती माजी पण आई हुती."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, ती फक्त माझीच गेली.

"विरोधात?" मच्छिंद्रनं विचारलं.

मी हात वर केला. एकटाच.

तेव्हा वकीलसाहेब माझ्या कानाशी वाकले. "आबाराव, घाबरू नका. हातांवर काही नाही. पोल मागा. तुम्ही फक्त म्हणा की शेअरप्रमाणं मतमोजणी करा. साठ तुमचे आहेत, ठराव पडेल. कायद्यानं तुमचा हक्क आहे."

"शेअरप्रमाणं?"

"हो. ज्याचे शेअर जास्त त्याचं मत जास्त. कंपनीत तसंच असतं."

मी चटईवर बसलेल्यांकडं बघितलं. चौघांचे हात अजून वरच होते, कुणी खाली घ्या म्हटलं नव्हतं.

गावाकडच्या सोसायटीत मी पहिल्यांदा सभेला गेलो तेव्हा माझं रान दीड एकर होतं. समोर खुर्चीवर साठ एकरवाला बसला होता. विषय आला, हात वर करा म्हणाले, मी भीत भीत वर केला. त्याचा एक मोजला, माझाही एकच मोजला. घरी येऊन ते मी धुरपदाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग जात जावा दर सभेला." तेव्हापासून मी एक सभा चुकवली नव्हती. कोरम नसला तरी जाऊन बसायचो.

आता मी साठवाला झालो होतो.

"काय करताय?" वकीलसाहेब म्हणाले. "मागायचा तर आत्ताच मागावा लागतो."

"न्हाय मागत," मी म्हणालो. "हात वर झाले की झालं."

"अहो, पण मग तुमची खोली..."

"झालं म्हणलं की, साहेब."

वकीलसाहेब मागं सरकून बसले. मग त्यांनी स्वतःची चिवड्याची पुडी उघडली. आतापर्यंत खाल्ली नव्हती.

मच्छिंद्र लिहायला लागला. लिहिता लिहिता थांबला. "आबा, शेवटी काय लिहू? सोसायटीत कसंही झालं तरी सर्वानुमते मंजूर लिवत्यात. तसंच लिहू का?"

मी विचार केला.

"न्हाय," मी म्हणालो. "विरोध एक, आबाराव, असं लिही. धुरपाच्या कानावर जायला पायजे की म्या सहजासहजी दिली न्हाय."

वीरप्पा हसला. मग बाबू हसला. मल्लम्मा पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, कळलं नाही. मी करदोड्याची गाठ सोडायला लागलो. दीड वर्षाची गाठ, नखांनी सुटेना. शेवटी रामकिसननं दुकानातून पक्कड आणली.

दार उघडलं तेव्हा बाबूला पुढं जाऊ दिलं. आत खरंच वास होता. पिठाच्या डब्यात जाळी झाली होती, सोंडे वर आले होते. काठवटीला भेग गेली होती. तव्यावर गंज होता. मी ते सगळं तसंच ठेवतोय असं समजत होतो, आणि ते आत खराब होत होतं. चुलीच्या वरच्या भिंतीवर तिच्या पिठाच्या हाताचा ठसा होता, टेकून उठायची तिथं. तो मात्र चांगला होता. बाबू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"हितं चुना मारायचा न्हाय," मी म्हणालो.

"भाडं देणार म्या, आन् चुना कुठं मारायचा ते तुमी सांगणार व्हय?" मल्लम्मा म्हणाली. मग म्हणाली, "न्हाय मारत. मला काय कळत न्हाय का?"

तिनं पदर खोचला आणि पिठाचा डबा उचलून बाहेर नेला. वीरप्पानं तवा नेला आणि त्याच्या टायरच्या तारेच्या ब्रशनं घासून पांढरा करून आणला. सुना आल्या. दिवस मावळायच्या आत चूल सारवून झाली. ओले हरभरे, तुरीच्या शेंगा, वाटाणा सोलायला सगळे बाहेर बसले, वकीलसाहेबसुद्धा. त्यांची शेवटची एसटी गेली होती, आणि त्यांनी ती मुद्दाम जाऊ दिली असं मला वाटतं. सोलता सोलता ते मला म्हणाले, "आबाराव, असली सभा मी उभ्या वकिलीत बघितली नाही. तुमच्या कंपनीला मी काय नाव देऊ?"

"प्रायव्हेट लिमिटेड," वीरप्पा म्हणाला. "पाटीवर लिवलंय न्हवं?"

पहाटे मल्लम्माच्या भाकरीच्या आवाजानं मला जाग आली. दोन भिंतींपलीकडून तो आवाज पूर्वी रोज यायचा. मी अंथरुणातच पडून ऐकत राहिलो. तिचा हात धुरपदापेक्षा थोडा घाईचा आहे. थाप जलद पडते. ते चांगलंच झालं. अगदी तसाच आवाज आला असता तर मला सहन झालं नसतं.

दिवस उगवल्यावर आम्ही रानात जायला निघालो. भज्जीचं पातेलं, बाजरीचे उंडे, आंबिलीचा माठ, सगळं रामकिसननं बैलगाडीत चढवलं. इतक्यात एक ट्रक येऊन थांबला. जुना ड्रायव्हर, हैदराबादकडचा, नाव मला कधीच माहीत नव्हतं. त्यानं उघडं दार बघितलं, धूर बघितला आणि खाली उतरला.

"चालू झालं?"

"झालं," मी म्हणालो. "बसा."

मल्लम्मानं त्याला भज्जी वाढली, वर आंबिलीचा तांब्या दिला. त्यानं भाकरी मोडली. तिच्यातून वाफ निघाली. मी गाडीवाल्यांना म्हणालो, तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागून. आणि त्याच्यासमोर बसलो.

"मल्लम्मा, मला पण वाढ."

"शेअरहोल्डर हाय म्हणून फुकट मिळणार न्हाय बरं, अण्णा," ती आतून म्हणाली.

पण गरम भाकरी आधी माझ्याच ताटात आली.